प्राध्यापकांच्या नावापुढच्या चार ओळी

प्रश्न : मी कोल्हापुरात जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. पीएच.डी.साठी पेशी व रेणवीय जीवशास्त्र हा विषय मी निश्चित केला असून सध्या मुंबई, पुणे, हैदराबाद आणि बेंगळुरू येथील संस्थांमधील प्राध्यापकांच्या याद्या वाचत आहे. प्रत्येक नावापुढे संशोधनाच्या विषयांचे चार ओळींचे वर्णन असते, परंतु वीस-पंचवीस वर्णने वाचून झाली की ती सगळी सारखीच वाटू लागतात. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून अपस्माराचे झटके येतात, त्यामुळे मला मेंदूच्या आजारावरच काम करायचे आहे. म्हणून यीस्ट, फळमाशी किंवा कृमी यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांची नावे मी यादीतून खोडली आहेत. हे योग्य झाले का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : खोडलेली नावे कृपया पुन्हा लिहून काढा. भावाच्या आजारामुळे तुमच्या मनात जी ओढ निर्माण झाली आहे तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि त्या ओढीला योग्य जागा मिळावी म्हणूनच हे उत्तर काहीसे विस्ताराने लिहीत आहे.

आपल्या पेशीत तयार होणारी अनेक प्रथिने पेशीच्या बाहेर जाण्यासाठीच बनलेली असतात. ती पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणासारख्या पडद्याच्या, इवल्याशा पिशव्यांमध्ये, म्हणजे पुटिकांमध्ये भरली जातात, त्या पुटिका पेशीच्या कडेपर्यंत पोहोचतात, तेथील पटलाशी एकरूप होतात आणि आतला माल बाहेर पडतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत रँडी शेकमन आणि त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी पीटर नोविक यांनी ही यंत्रणा समजून घेण्यासाठी पाव फुगवणारे यीस्ट निवडले. सुमारे २५ अंश सेल्सियसला नीट वाढणारे, पण ३७ अंशांना प्रथिने बाहेर टाकणे बंद करणारे यीस्ट त्यांनी शोधून काढले. अशा पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्या बाहेर न पडलेल्या पुटिकांनी गच्च भरलेल्या दिसल्या. १९७९ मध्ये त्यांनी पहिल्या उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, यीस्टचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील बिघडलेल्या जनुकाला ‘सेक-१’ असे नाव मिळाले, आणि पुढच्याच वर्षी अशा जनुकांची संख्या २३ वर गेली.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो पुटिकांमधूनच, कारण चेतासंदेशक रसायने पुटिकांमध्ये साठवलेली असतात आणि संकेत मिळताच ती बाहेर ओतली जातात. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीवरील आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्यांना नीट सरपटता येत नव्हते अशा कृमींच्या बिघडलेल्या जनुकांना त्यांनी ‘अंक’ (हालचालींचा मेळ नसलेला या अर्थाच्या ‘अनकोऑर्डिनेटेड’ या इंग्रजी शब्दाचे लघुरूप) हे नाव आणि एकेक क्रमांक दिला होता. त्यांपैकी ‘अंक-१८’ हे जनुक यीस्टच्या ‘सेक-१’ चे भावंड निघाले. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही त्याच कुळातील प्रथिन सापडले, आणि ते नसलेल्या उंदरांच्या चेतापेशींतून चेतासंदेशक मुळीच बाहेर पडत नाही, असे २००० साली सिद्ध झाले. त्यानंतर २००८ मध्ये जपानमधील संशोधकांनी जन्मानंतर थोड्याच काळात तीव्र अपस्मार सुरू झालेल्या काही बाळांमध्ये याच जनुकाच्या मानवी रूपात, म्हणजे ‘एसटीएक्सबीपी-१’ मध्ये, बिघाड दाखवून दिला. तुमच्या भावाचा आजार या प्रकारचा आहे असे मी सुचवीत नाही, कारण अपस्माराची कारणे पुष्कळ आहेत आणि त्याविषयी त्याचे डॉक्टरच सांगू शकतात. परंतु अपस्मारावर काम करायचे म्हणून १९८० साली एखाद्या विद्यार्थिनीने यीस्टची प्रयोगशाळा यादीतून खोडली असती, तर त्या आजाराच्या एका कारणाचे मूळ जिथे उलगडत होते तीच जागा तिने सोडली असती.

म्हणून त्या चार ओळी वाचताना आजाराच्या नावाशी थांबू नका. त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: प्राध्यापकांना पडलेला प्रश्न, तो प्रश्न ज्याला विचारायचा तो सजीव, आणि ज्या पद्धतीने विचारायचा ती पद्धत. वर्णने सारखी वाटतात, कारण प्रश्नाचे शब्द बहुधा सगळ्यांचे सारखे असतात आणि खरा फरक सजीव व पद्धत यांच्यात दडलेला असतो. पेशीतील या वाहतुकीच्या शोधाबद्दल २०१३ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. तिघांचा प्रश्न जवळजवळ एकच होता. शेकमन यांनी यीस्टमधील जनुके बिघडवून तो सोडवला. जेम्स रॉथमन यांनी पेशी फोडून त्यांच्या अर्कात परीक्षानळीत वाहतूक घडवून आणली आणि त्यासाठी लागणारी प्रथिने एकेक करून शुद्ध केली. थॉमस स्यूडॉफ यांनी चेतापेशींमध्ये कॅल्शियमचा संकेत ओळखणारे प्रथिन शोधले. या तिघांच्या प्रयोगशाळेत पाच वर्षे काढणाऱ्या तीन विद्यार्थ्यांच्या हाती तीन निरनिराळी कौशल्ये आली असती.

या कथेत मुंबईचाही वाटा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याची मला नेहमी खंत वाटते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. ते जिवाणूंच्या आनुवंशिकीतील तज्ज्ञ होते, पण पुढे ते फळमाशीकडे वळले. १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्यासमवेत तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एका प्रकारच्या माश्या थंड जागी परत आणल्या तरी फार वेळ भानावर येत नसत, म्हणून त्या उत्परिवर्तनाला ‘कोमॅटोज’ हे नाव पडले. पुढे १९८८ मध्ये रॉथमन यांच्या गटाने हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींपासून ‘एनएसएफ’ नावाचे प्रथिन शुद्ध केले, आणि वर्षभरात ते शेकमन यांच्या यादीतील ‘सेक-१८’ असल्याचे समजले. १९९५ मध्ये ‘कोमॅटोज’ माशीतील बिघडलेले जनुकही तेच असल्याचे सिद्ध झाले. लुळी माशी, यीस्ट आणि हॅमस्टरच्या पेशींचा अर्क अशा तीन वाटांनी माणसे चालत गेली आणि एकाच प्रथिनापाशी येऊन भेटली.

आजच्या याद्यांतही हे दिसेल. टाटा संस्थेत संध्या कौशिका चेतापेशीच्या लांब तंतूतून पुटिका कशा वाहून नेल्या जातात याचा अभ्यास करतात. त्यांचा सजीव तोच ब्रेनर यांचा कृमी आहे, ज्याच्या शरीरात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात आणि ज्याच्या आतली वाहतूक तो जिवंत असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. त्या ज्या वाहक प्रथिनावर दीर्घकाळ काम करीत आहेत, त्याच्या मानवी रूपातील बिघाडामुळे लहान मुलांना चेतासंस्थेचे आजार होतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, थॉमस पुकाडिल पटलाच्या नळीपासून पुटिका तुटून वेगळी कशी होते हे पाहतात, पण त्यासाठी ते काचेवर पटलाच्या कृत्रिम नळ्या तयार करून त्यांवर शुद्ध प्रथिने सोडतात. दोघांच्या वर्णनात ‘पटल’ आणि ‘वाहतूक’ हे शब्द येतील, तरीही दोन्ही ठिकाणचा दिवस अगदी वेगळा असेल.

हा दिवस कसा असेल हे ठरवूनच नावे निवडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. फळमाशीच्या प्रयोगशाळेत कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या माद्या पहिल्या आठ तासांच्या आत नरांपासून वेगळ्या कराव्या लागतात, त्यामुळे सुटीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ फेरी चुकत नाही. कृमीच्या प्रयोगशाळेत जिवाणूंचा थर दिलेल्या बशांवरून प्लॅटिनमच्या तारेने एकेक कृमी उचलण्यात तास जातात. प्रथिने शुद्ध करणाऱ्यांना स्वेटर घालून चार अंशांच्या शीतकक्षात उभे राहावे लागते, तर प्राणिपेशींचे कल्चर वाढवणाऱ्यांना बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. यांपैकी कोणते काम तुमच्या हातांना आणि स्वभावाला मानवेल, याचे उत्तर तुमच्या एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत बऱ्याच अंशी मिळालेले असेल.

अपस्मारावर थेट काम करणारे गटही आपल्या देशात आहेत. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अनुरंजन आनंद यांच्या गटाने अपस्माराच्या आनुवंशिकीवर दीर्घकाळ काम केले आहे, आणि ते नाव तुमच्या यादीत अवश्य असावे. मात्र कर्करोग, मधुमेह, मेंदूचे विकार असे शब्द वर्णनात आले म्हणजे रोजचे काम रुग्णांच्या नमुन्यांवरच असेल असे समजू नका. संशोधनासाठी निधी मागताना त्याची उपयुक्तता सांगावी लागते, आणि ती सांगण्याचा मार्ग बहुधा आजाराच्या नावावरून जातो. खरे काम पाहायचे असेल तर त्या प्राध्यापकांचे गेल्या तीन-चार वर्षांतील दोन शोधनिबंध काढा आणि त्यांतील आकृत्या व पद्धतींचा भाग वाचा. लेखकांच्या यादीत पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे का, हेही पाहा.

प्रश्न : मी सोलापूरचा असून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. जीवशास्त्र बारावीनंतर सुटले. पेशीजीवशास्त्राच्या विभागात माझ्यासारख्याला जागा असते का, की तेथे केवळ आकडेमोड करून देणारा म्हणून राहावे लागेल? (एक वाचक)

उत्तर : जागा असते, आणि ती आकडेमोडीपुरती मुळीच नसते. आधीच्या उत्तरात पुटिका वाहून नेल्या जातात असे लिहिले, पण त्या ओढतो कोण? १९८५ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूतून ‘कायनेसिन’ हे प्रथिन वेगळे करण्यात आले. ते सूक्ष्मनलिकेच्या, म्हणजे पेशीतील प्रथिनांच्या बारीक नळीच्या, रुळावरून ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत चालते. हे पाऊल मोजले गेले ते आर्थर ॲश्किन यांनी विकसित केलेल्या प्रकाशाच्या चिमट्यामुळे. लेसरचा झोत एका बिंदूवर आणला की सूक्ष्म मणी तेथे अडकून राहतो, आणि कायनेसिनसारखे ओझे ओढणारे ‘मोटर’ प्रथिन तो मणी ओढू लागले की लागणारे बल पिकोन्यूटनमध्ये मोजता येते.

रूप मल्लिक यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आणि नंतर ते या प्रथिनांकडे वळले. २००४ मध्ये अमेरिकेत सहकाऱ्यांसमवेत केलेल्या कामात त्यांना असे आढळले की ‘डायनीन’ नावाचे दुसरे मोटर प्रथिन ओझे वाढताच पावले आखूड टाकते, म्हणजे चढावर गाडीचा गिअर बदलावा तसे वागते. मुंबईत टाटा संस्थेत आल्यावर त्यांच्या गटाने पेशींना प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी गिळू दिले आणि पेशीच्या आतच त्या मण्यांवर चिमटा लावला. एकटे डायनीन जेमतेम एक पिकोन्यूटन बल लावते, तर एकटे कायनेसिन त्याच्या कितीतरी पट. मग अशक्त डायनीन मोठी ओझी कशी ओढते? २०१३ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर मला आजही अतिशय सुंदर वाटते. पुढच्या डायनीनवर ओझे पडले की त्याची पावले आखूड होतात, तेवढ्यात मागची डायनीन त्याला येऊन गाठतात आणि सगळी मिळून भार वाटून घेतात. गिअरचा जो गुण एकट्याच्या बाबतीत केवळ नवलाचा वाटला होता, तोच संघाच्या बळाचे कारण ठरला. हे ओळखण्यासाठी बल, ओझे आणि यादृच्छिक हालचाल यांचा विचार करणारे मन लागते, आणि ते तुमच्याकडे तयार आहे.

टाटा संस्था आणि बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या जीवशास्त्रातील पीएच.डी.साठी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. तयारी म्हणून पेशीजीवशास्त्राच्या एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकातील पटल, पेशीचा सांगाडा आणि जनुकांचे नियमन ही प्रकरणे सावकाश वाचा. उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत पिपेट हाती धरता आले तर फार उत्तम. समीकरण येते पण पेशी जिवंत ठेवता येत नाही, ही अडचण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी हमखास जाणवते, आणि ती केवळ सरावाने जाते.

प्रश्न : माझ्या मुलीची पीएच.डी.साठी निवड झाली असून तिने हायड्रा नावाच्या पाण्यातील जीवावर काम करणारी प्रयोगशाळा निवडली आहे. पाच-सहा वर्षे त्यात जाणार. नातेवाईक ‘याचा उपयोग काय’ असे विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. तिच्या खर्चाचे आणि पुढच्या नोकरीचे काय? (एक पालक, रत्नागिरी)

उत्तर : आपण मुलीला अडवण्याऐवजी समजून घेण्यासाठी पत्र लिहिले, याचा आनंद वाटला. हायड्रा हा गोड्या पाण्यातील काही मिलिमीटर लांबीचा जीव आहे. त्याचे तुकडे केले तर तुकड्यापासून पुन्हा पूर्ण हायड्रा तयार होतो, आणि प्रयोगशाळेत चार वर्षे सांभाळलेल्या हायड्रांमध्ये वार्धक्याच्या खुणा दिसल्या नाहीत, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तुकड्याच्या कोणत्या टोकाला डोके यावे हे ठरवण्यात पेशींमधील ज्या संदेशवहनाचा मोठा वाटा असतो, त्याच संदेशवहनातील बिघाड माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत सापडतो. नातेवाइकांना एवढे सांगितले तरी पुरे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रावर अनेक वर्षे काम केले असून पुण्यातील हायड्राच्या एका वाणाला ‘इंड-पुणे’ असे नाव मिळाले आहे, हेही त्यांना सांगायला हरकत नाही.

खर्चाचे म्हणाल तर राष्ट्रीय पातळीवरील कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये आहे. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता वेगळा असतो. तिला नेमकी कोणती शिष्यवृत्ती लागू आहे ते निवडपत्रात पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे, आणि महिला संशोधकांना त्यात दोन वर्षांची अधिक सवलत तसेच २४० दिवसांपर्यंतची बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते.

नोकरीविषयी मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या जागा कमी आहेत आणि त्यासाठी पीएच.डी.नंतरही काही वर्षांचे संशोधन बहुतेक ठिकाणी अपेक्षित असते. परंतु ती हायड्रावर काम करताना सूक्ष्मदर्शनाची प्रगत तंत्रे, जनुकांच्या क्रमाचे विश्लेषण आणि पेशी हाताळण्याची शिस्त शिकेल, आणि पुणे-मुंबई परिसरातील लसी व जैवऔषधे बनवणाऱ्या उद्योगांना हीच कौशल्ये लागतात. तेव्हा हायड्राबरोबर ती कोणकोणती तंत्रे शिकणार आहे, हे तिला जरूर विचारा. तिला ते सांगायला आवडेल.

प्रश्न : प्राध्यापकांना ई-मेल लिहिताना काय लिहावे? मी चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला, पण कोणाचेही उत्तर आले नाही. (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : चाळीस जणांना एकच मजकूर जातो तेव्हा तो कोणालाच उद्देशून नसतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळते. पाच-सहा नावे निवडा. प्रत्येकाचा एक अलीकडचा शोधनिबंध पूर्ण वाचा आणि त्यातील एखादी न कळलेली किंवा पुढे करून पाहावीशी वाटलेली गोष्ट दोन वाक्यांत लिहा. स्वतःविषयी, केलेल्या प्रकल्पाविषयी आणि दिलेल्या परीक्षांविषयी चार वाक्ये पुरेशी आहेत. ‘आपल्या थोर संशोधनाने प्रभावित झालो’ यासारखी वाक्ये गाळा.

लिहिण्यापूर्वी ते प्राध्यापक त्याच संस्थेत आहेत ना आणि त्याच विषयावर काम करीत आहेत ना, हे तपासा. माणसे संस्था बदलतात. वर उल्लेख केलेले मल्लिक आता आयआयटी मुंबईत आहेत. विषयही बदलतात. सिद्दीकी जिवाणूंकडून माशीकडे वळले त्या काळात कोणी त्यांची जुनी ओळख वाचून त्यांच्याकडे गेले असते, तर त्याला तेथे माश्यांच्या बाटल्या दिसल्या असत्या. नावापुढच्या चार ओळी कधीकधी पाच-सात वर्षे कोणी बदललेल्या नसतात, तर शोधनिबंधावर तारीख असते.

अनेक संस्थांमध्ये पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करून मग मार्गदर्शक निवडता येतो. तशी सोय असेल तर प्रवेशापूर्वीच एका नावावर अडून बसू नका. तशी सोय नसेल तर त्या प्रयोगशाळेतील एखाद्या विद्यार्थ्याशी बोला आणि दोनच गोष्टी विचारा: सरांशी किंवा मॅडमशी आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष बोलणे होते, आणि आधीच्या तीन विद्यार्थ्यांना पीएच.डी. पूर्ण करायला किती वर्षे लागली. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या. त्यानंतरही उत्तर आले नाही तर पुढच्या नावाकडे वळा, आणि त्यासाठी पुन्हा नवा शोधनिबंध वाचून नवे पत्र लिहा.